पाण्याला सातबारा नसतो

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीतले नाना स्कूटरवर निघतात तेव्हा डोक्यावर हेल्मेट असो-नसो, अंगात लाइफ जॅकेट असतंच. नारिंगी, पट्टे करकचून आवळलेलं. एकदा सिग्नलला पोलिसानं त्यांना थांबवून विचारलं, "काका, पूर आलाय का?" नाना म्हणाले, "नाही. पाटाला पाणी सुटलंय."

पाट म्हणजे धरणाचा कालवा. तो कळवणकडे नानांच्या गावाजवळून जातो. पाणी सुटल्याची खबर आली, की नानांचं घरात लक्ष लागत नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्या लावतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होऊन इतरांना छळतात. नानांनी रबरी होडी घेतली. सायकलच्या पंपानं ती पार्किंगमध्ये फुगवली आणि आत बसून चहा प्यायले. सेक्रेटरींनी ही जागा कुणाच्या नावावर आहे, असं विचारलं तर नाना म्हणाले, "पाण्याला सातबारा नसतो." तिथं टिपूसभर पाणी नव्हतं, पण हे वाक्य त्यांच्या तोंडी कायम तयार असतं. गच्चीवरची टाकी वाहू लागली तरी तेच आणि वरच्यांच्या कपड्यांचं पाणी आमच्या गॅलरीत ठिबकलं तरी तेच. मला त्या वाक्याचा वीट आला होता.

एका रविवारी मी त्यांना आणि माईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या गाडीतून पाटावर नेलं. नाना पुढच्या सीटवर जॅकेट घालूनच बसले. सीटबेल्ट त्यावरून लागेना, तेव्हा माझ्याच बेल्टला नावं ठेवून झाली.

जागा मात्र खरंच सुंदर. कंबरभर हिरवट पाणी संथ चाललेलं, काठानं बाभळी, तारेवर खंड्या, पलीकडे कांद्याचे वाफे आणि त्यामागे डोंगर. आम्ही दोघं काठानं चालत होतो आणि नाना होडीतून. डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलंय, थोडं उतरा, असं मी दोनदा म्हणालो. ते आकाशाकडे बघत पडून राहिले. डबे मी उचलायचे आणि यांनी राजासारखं लोळायचं, याचा मला रागच आला.

माईंनी तो ओळखला असावा. त्या चालता चालता सांगू लागल्या. पुढचं शेत नानांच्या धाकट्या भावाचं, आप्पांचं. वाटणीच्या वेळी विहिरीवरून दोघांचं भांडण झालं. नाना म्हणाले, या मातीत पुन्हा पाय ठेवणार नाही. आप्पा म्हणाले, तुझं तोंड पाहणार नाही. दोघंही शब्दाचे पक्के. मग नानांनी होडी घेतली.

"आणि आप्पा?" मी विचारलं.

"बघा आता," माई म्हणाल्या. त्या स्वतः जावेकडे खुशाल जात-येत होत्या. शपथ बायकांनी घेतलेली नव्हती.

वळणापुढे काठावर एक धिप्पाड माणूस पाटाकडे पाठ करून उभा होता. होडी जवळ आली तसा तो कांद्याच्या वाफ्याला म्हणाला, "खोकला कसा शे?"

नाना पाण्याकडे बघत म्हणाले, "बरा शे."

एवढंच. एवढ्यासाठी माणूस नाशिकहून होडी घेऊन येत होता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

पण त्या दिवशी होडी पुढे गेलीच नाही. पाण्यावर वाकलेल्या बाभळीत ती शिरली, काटा घुसला, फुस्स आवाज करत होडी बसली आणि नाना पाण्यात उभे राहिले. जॅकेट कानापर्यंत वर आलं. मी धावत जाऊन हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"इथं नको," ते म्हणाले. "ही माती त्याची आहे. मी मागच्या वळणापर्यंत पाण्यातनंच जातो."

पाणी गार होतं. ते दोन पावलं चालले आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. माई काठावर खाली बसल्या. नवऱ्याला हाक मारावी की दिराला, हे त्यांना कळत नव्हतं.

आप्पांची पाठ तशीच होती. फक्त मान खाली गेली होती. मग ते वळले नाहीत, तसेच मागे मागे सरकत पाण्यात उतरले, चाचपत नानांपर्यंत आले आणि खाली वाकले. नानांनी क्षणभर त्या पाठीकडे पाहिलं आणि मुकाट्यानं तिच्यावर बसले. लहानपणी शाळेच्या वाटेवर ओढा लागायचा, तेव्हा नाना आप्पांना असंच पाठुंगळी घेऊन पलीकडे न्यायचे, हे माईंनी मला मागाहून सांगितलं.

आप्पा काठ चढले. तोंड दिसत नव्हतं, पाय टेकत नव्हते. नानांनी तर ते गुडघ्यात दुमडून वर धरले होते आणि बुटांतून पाणी गळत होतं. हसावं की रडावं, मला कळेना.

वाफ्यांमधून घराकडे निम्मी वाट संपल्यावर आप्पा थांबले. दम लागला होता.

"खाली उतारू का, नाना?"

नानांनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं.

"नको," ते म्हणाले. "अजून थोडं चाल."