सिद्रामप्पांची ओली भिंत

भेगा बुजवायला बोलावलेला माणूस आल्या आल्या छिन्नी-हातोडी घेऊन त्या भेगा आणखी रुंद करू लागला, तर घरधन्याचं काय होईल? आमच्या मामंजींचं तेच झालं.

"अहो सिद्रामप्पा, भिंत दुरुस्त करायला बोलावलंय, पाडायला नव्हे."

"अण्णा, वरनं चुना फासला की भेग दिसत न्हाय, पन जात बी न्हाय. दमानं घ्या की," सिद्रामप्पा म्हणाले आणि छिन्नी वीतभर पुढे सरकली.

'दमानं' हा त्यांचा आवडता शब्द. तेव्हा सोलापुरात आमच्या गल्लीत विजेचे दिवे आले नव्हते आणि घड्याळाचं काम मिलचा भोंगा करायचा. पण सिद्रामप्पांना भोंग्याचीही घाई नसे. प्रत्येक भेगेपाशी ते उकिडवे बसत, बोटाच्या पेरानं टकटक करत आणि निदान सांगत. "ही उन्हानं झालीय." "ही पायातनं वर आलीय, लई खोडील हाय." मग भेग खरवडायची, धूळ झाडायची, भिंतीला पोटभर पाणी पाजायचं आणि तागाचे तुकडे घालून मळलेला चुना आत दाबायचा. संध्याकाळपर्यंत त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होत.

नणंदेचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. मामंजी रोज सकाळी विचारत, "रंग कधी?" उत्तर ठरलेलं, "ओली हाय. दमानं."

शेवटी राहिली माजघरामागची खोली. तिथं सासूबाई असत. अर्धांगाच्या झटक्यानंतर वर्षभर त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या आणि बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. धुळीनं त्यांना खोकला येईल म्हणून सिद्रामप्पांनी हातोडी बाहेर ठेवली आणि ओलं फडकं लावून लावून नुसत्या करणीच्या पात्यानं भेगा खरवडल्या. मी पाणी घेऊन गेले तेव्हा ते त्यांना सहज विचारत होते, "ऊटा आतेन्री, अव्वा?" जेवण झालं का, एवढंच.

सासूबाईंनी मान वळवली आणि अडखळत कानडीत उत्तर दिलं.

त्या अक्कलकोटकडच्या. नवव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हा त्यांच्या कानडीला सगळे हसले म्हणून त्यांनी ती सोडून दिली होती. आम्हा सुनांना ती येतच नव्हती. त्या दिवसापासून खोलीतून हळूहळू बोलणं ऐकू येऊ लागलं. एकदा तर हसणंही.

भेगा तीन दिवसांत बुजल्या. सिद्रामप्पा मात्र आठवडा झाला तरी येतच राहिले. भिंतीवर चार शिंतोडे मारायचे आणि तिथंच बसून गप्पा मारायच्या. मी एकदा भिंतीला हात लावला, तर ती ठणठणीत कोरडी होती.

त्यांनी ते पाहिलं. करणी पुसत खालच्या मानेनं म्हणाले, "आमची मंडळी गेल्यावर घरात कानडी बोलाया कुनी ऱ्हायलं न्हाय, अक्का. पोरं समदी मराठीतच बोलत्यात."

तेवढ्यात मामंजी दारात आले. लग्नाला चार दिवस उरले होते आणि त्यांचा धीर संपला होता.

"सूनबाई, तूच सांग. वाळली का भिंत?"

आतून सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "नाही मामंजी. अजून दोन दिवस तरी लागतील."