दिनकरअण्णांचं पोर्तुगाल

आमच्या कारखान्यात दिनकरअण्णांना वेळ विचारायची सोय नाही. विचारली तर ते मनगट वर करतात आणि गंभीरपणे सांगतात, "साडेतीन. पहाटंचं." बाहेर ऊन आलेलं असतं, नऊची शिफ्ट सुरू झालेली असते, कँटीनमधल्या इडल्या संपत आलेल्या असतात, पण अण्णांचं घड्याळ लिस्बनच्या वेळेवर चालतं. दोन वर्षं चालतंय. मार्च संपताना तिकडची घड्याळं तासभर पुढं सरकतात, तेव्हा हे गृहस्थ बेळगावजवळच्या मच्छेत, आमच्या कारखान्यात बसून इमानदारीनं काटा फिरवतात. यांनी अजून देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

मी स्टोअरला, अण्णा क्वालिटीला. बेळगावात आमची घरंही एकाच गल्लीत, त्यामुळं कारखान्यातून सुटलो तरी अण्णांतून सुटका नसते. यांचं काम म्हणजे तयार झालेला प्रत्येक भाग गेजनं मोजायचा आणि नापास करायचा. मापात किती चूक चालेल याची एक मर्यादा ठरलेली असते, तिला टॉलरन्स म्हणतात. "टॉलरन्समधी बसत न्हाय" हे अण्णांचं आवडतं वाक्य. बाजारातली वांगी बसत नाहीत, गल्लीतला स्पीडब्रेकर बसत नाही, तरुणपणी बघितलेल्या तीन मुलीही बसल्या नाहीत. पास झालेल्या मालावर टिक करायला त्यांच्या खिशात एक हिरवं पेन असतं. त्याची रिफिल त्यांनी कधी बदललेली मी तरी पाहिली नाही.

तर एके दिवशी कँटीनमध्ये या माणसानं जाहीर केलं, "आईला पोर्तुगालला न्यायची हाय."

त्यांच्या आई सोनाआक्का एक्क्याऐंशी वर्षांच्या. सगळा जन्म निपाणीत बिड्या वळण्यात गेला. थकल्यावर अण्णांनी त्यांना बेळगावात आणलं. मी चांगुलपणानं म्हटलं, "अण्णा, बुद्धगयेला न्या की."

"दोनदा नेऊन आणलीया."

"मग दुबईला न्या. सगळे जातात."

"दुबईचा काय संबंध?"

"आणि पोर्तुगालचा काय संबंध?"

अण्णांनी माझ्याकडं तडा गेलेल्या ओतीव कास्टिंगकडं बघावं तसं बघितलं आणि ताट उचलून निघून गेले.

मग चाचण्या सुरू झाल्या. लिस्बनमध्ये चढउतार फार, असं कुठंतरी वाचून अण्णा आक्कांना दर महिन्याला येळ्ळूरच्या गडावर नेऊ लागले. मागं हे स्टॉपवॉच घेऊन, पुढं ती म्हातारी काठी टेकत. येळ्ळूर माझं मूळ गाव, त्यामुळं तिथली माणसं मला विचारायची, "ते खुळं तुमच्याच गल्लीतलं व्हय?" एकदा आक्का अर्ध्यात दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "दिनू, हितंच आलं म्हण की पोर्तुगाल." अण्णांनी वहीत लिहिलं: विश्रांती, सात मिनिटं.

नंतर विमानाची चाचणी. खुर्चीत आक्का, पोटाला पंचाचा पट्टा, समोर स्टूल, आठ तास. उठायचं फक्त दोनदा. माझ्या बायकोला दर दोन तासांनी छोट्या पेल्यातून पाणी नेऊन द्यायला सांगितलं होतं आणि तीही गेली, याचा मला आजही राग आहे. मग कडक भाकरी बारा दिवस टिकते का, प्रवासात तिचे किती तुकडे होतात, याची नोंद. मग शेंगाचटणीचे चार डबे, प्रत्येकावर तारीख. त्यातला एक आमच्याकडं चवीला आला, सोबत गुण द्यायचा छापील कागद. मी शून्य दिले. चटणी उत्तम होती.

एवढं सगळं झालं, पण अर्ज काही जाईना. पासपोर्ट आले होते. व्हिसाचं विचारलं की एकच उत्तर, "अजून टॉलरन्समधी न्हाय." काय टॉलरन्समध्ये नाही ते सांगायचं नाही. काखेत एक आलेखाची वही असायची, तिला कुणी हात लावला तर खेकसायचे. मी कँटीनमध्ये उघड बोलायला लागलो, की या माणसाला कुठं जायचंच नाही, नुसतं जाणार म्हणून मिरवायचं आहे. म्हातारीचे गुडघे जातील आणि हे घड्याळ बघत बसतील. लोक हसायचे. मला ते आवडायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी तो चटणीचा डबा परत द्यायला गेलो. जाता जाता एक टोमणाही तयार ठेवला होता. दार उघडंच होतं. आक्का खिडकीजवळ बसल्या होत्या आणि अण्णा त्यांच्यापुढं जमिनीवर, कारखान्यातलं भिंग डोळ्याला लावून त्यांचा अंगठा बघत होते. शेजारी खोबरेल तेलाची वाटी, शिक्क्याचं शाईचं पॅड आणि ती वही.

"काय अण्णा, भविष्य बघालाय?" मी म्हणालो.

अण्णांनी वही झाकायला हात पुढं केला, तोवर आक्काच म्हणाल्या, "बघू दे की त्याला. चोरी हाय काय?"

मी वही उचलली. माझी कल्पना, आत लिस्बनचे नकाशे असतील. आत अंगठे होते. दर रविवारचा एक ठसा, खाली तारीख. दोन वर्षांचे रविवार. पहिल्या पानावर एक गुळगुळीत निळा डाग. मी पानं उलटत गेलो. सगळे डाग तसेच, कुठं एक रेघ नाही.

"बिडीचं पान वळून वळून गेल्यात रेघा," अण्णा खाली बघत म्हणाले. "रेशनला अंगठा लागत न्हाय हिचा. पासपोर्टला कसंतरी निभावलं. व्हिसाला धाही बोटं द्याय लागत्यात. काम सुटलं की रेघा परत येत्यात म्हणून कोण तर सांगिटलं. रोज तेल लावतोय."

"पण अण्णा, अशा माणसांना डॉक्टरची चिठ्ठी चालते म्हणं."

"ठाव हाय मला!" अण्णांचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "चिठ्ठी म्हंजे काय वो पाटील? डिफेक्ट नोट. जन्मभर मी दुसऱ्याच्या मालाला लावतोय. माझी आई डिफेक्टिव पीस न्हवं."

मी विचारलं, "पण पोर्तुगालच का?"

"ही तंबाखू आपल्याकडं आणली कुणी? त्यांनीच की. त्यांनी आणली आन् आई चाळीस वर्षं उंबऱ्यात मांडीवर तंबाखूचं सूप घिऊन बसली. मान वर केली न्हाय. मला इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करवला. आता एकदा तिनं त्यांच्या दारात खुर्ची टाकून बसायचं, आणि त्यांनी आयता चहा आणून द्यायचा. हात हलवायचा न्हाय तिनं."

"हात हलवल्याबिगर चा कसा पिऊ रं मुडद्या?" आक्का म्हणाल्या.

अण्णा हसले नाहीत. आक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "दिनू, मला तितं अंगठा उठवाय जायाचं न्हाय. चा प्यायला जायाचं हाय. गुडघं चालत्यात तवर ती चिठ्ठी आण."

हे बोलताना त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटं पदराचं टोक वळत होती. वळायचं, दाबायचं, टोक दुमडायचं, सोडायचं, पुन्हा वळायचं. त्यांचं तिकडं लक्षही नव्हतं. मी पाहिलं, अण्णांनीही पाहिलं. बिड्या सुटल्या तरी बोटांचं वळणं सुटलेलं नव्हतं. रोज लावलेलं तेल कुठं जात होतं ते त्यांना आधीपासून माहीत असणार, पण आईचा हात धरून थांबवणं त्यांना जमलेलं नव्हतं. कँटीनमध्ये मी जे जे बोललो होतो ते सगळं मला आठवलं आणि फार लाज वाटली.

अण्णांनी आक्कांचा अंगठा शाईवर टेकवला, वहीत उमटवला, भिंगातून बराच वेळ बघितला. तसाच गुळगुळीत डाग. मग त्यांनी खिशातलं हिरवं पेन काढलं. ते आधी उठेचना. त्यांनी कोपऱ्यात दोनचार रेघोट्या ओढल्या आणि ठशाखाली टिक केली. खाली सही, तारीख.

"उद्या डॉक्टरकडं जाऊ," ते म्हणाले.

मी डबा ठेवून निघालो, तेव्हा आक्कांनी विचारलं, "तिकडं आता किती वाजलं असतील रं?"

अण्णांनी मनगट वर करायच्या आत मीच उत्तर दिलं, "साडेअकरा, आक्का. सकाळचे."

"मग चाची येळ झाली की," आक्का म्हणाल्या.