उस्मानचाचांचा बाजार

वांगं दोन्ही अंगांनी पाहिल्याशिवाय उस्मानचाचांचा कॅमेरा पुढे सरकत नसे. आधी एक बाजू, मग उलटून दुसरी, मग देठ. विकणारी बाई वैतागून म्हणे, "चाचा, भाजी घ्याले आले का सून पाह्याले?" चाचा म्हणत, "घाई काय हाये?" आणि मेथीकडे वळत.

तेल्हाऱ्यात तेव्हा केबलवाल्याने एक चॅनेल गावासाठी मोकळं सोडलं होतं. वर्गणीतून एक कॅमेरा आला आणि लोकांनी वार वाटून घेतले. शुक्रवारची संध्याकाळ चाचांची. सारी उमर एसटी हाकलेला माणूस, पण कॅमेरा हातात आला की मुंगीला वाट देई. तासभर नुसता बाजार. भाजी, बांगड्या, मध्येच एखादी बकरी आली तर ती निघून जाईपर्यंत बकरीच. लोक म्हणत, जेवून भांडी घासून या, चाचा अजून कांद्यापाशीच असतील.

त्या साली कपाशीवर बोंडअळी फार पडली. फवारणीची माहिती टीव्हीवर द्यावी असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि कमिटीने त्यासाठी चाचांचा शुक्रवार काढून घ्यायचं ठरवलं. बचत गटातर्फे मीही कमिटीत होते, म्हणजे सतरंजीच्या टोकाला बसून असे. चाचा भांडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "बराबर हाये. कपाशी पयले." आणि टोपी नीट करत निघून गेले.

त्यांच्या शेवटच्या शुक्रवारी मी चाळणी परत द्यायला त्यांच्या घरी गेले. चाचा टेप लावायला केबलच्या खोलीवर गेले होते. आत चाची कोणाशी तरी बोलत होत्या. लकव्याने चाचींचे पाय गेले तेव्हापासून त्या बाजेवरच. पाहते तर त्या टीव्हीशी बोलत होत्या.

"थांबा जी. ते वांगं पलटवा."

टीव्हीत चाचांच्या हाताने वांगं पलटवलं.

"किडकं हाये. चला म्होरं."

कॅमेरा पुढे गेला. मी चाळणी उंबऱ्यावर ठेवली आणि तशीच घरी आले.

पुढच्या बैठकीत माझा हात वर गेला. म्हटलं, बोंडअळीले आमचा बेस्तरवार द्या. गुरुवारी आमच्या गटाचा पापडांचा कार्यक्रम होता, आणि कॅमेऱ्यापुढे बोलायचं मला होतं. त्या धास्तीने आठ दिवस घास उतरत नव्हता. कमिटीने लगेच मान्य केलं. त्या दिवशी मी घरी येऊन एक भाकर जास्तच खाल्ली.

चाचांनी ओट्यावरून विचारलं, "सुमनबाई, वार काहून सोडला?"

"मले बोलता येत नाही ना चाचा," मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

त्या शुक्रवारी मी चाचींजवळ बसून अख्खा बाजार पाहिला. चाचा पार गुरांच्या बाजारापर्यंत गेले होते. तास संपला तशा चाची उशीला टेकल्या.

"आज लय फिरवलं तुया चाचानं," त्या म्हणाल्या. "पाय दुखून आले."

मी पायथ्याशी सरकले आणि पाय चेपून दिले.