चितळीण विरुद्ध वानर

बाळांनो, गोष्टीच्या आधी माझा एक मूर्खपणा ऐका. परवा मी माझ्याच घरात, मीच पुसलेल्या ओल्या फरशीवर सपाटून आपटले. पडल्या पडल्या तोंडातून काय यायला हवं? "आई गं!" पण माझ्या मनात आलं, "यात केस कुणावर होईल?"

एक मैत्रीण वकील आहे. तिला पडल्या जागेवरूनच फोन लावला. ती म्हणाली, "फरशी पुसली कुणी, तिचं नाव सांग." मी सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "तिच्याशी काही बोलू नकोस."

तेव्हापासून मी स्वतःशी बोलत नाहीये. म्हणून तुमच्याशी बोलते.

तर एका जंगलात एक कवठाचं झाड होतं. झाडावर लांबोटे नावाचा वानर राहायचा. झाडाखाली ठिपकी नावाची चितळीण चरायला यायची. लांबोट्याला अर्धं खाऊन अर्धं खाली टाकायची सवय. तुमच्या घरी याला वाया घालवणं म्हणतात. ठिपकी याला जेवण म्हणायची.

शिवाय वरून बिबट्या दिसला की लांबोटे "खॅक! खॅक!" ओरडायचा आणि ठिपकी पळून जायची. हे सगळं तसंच चालायचं. लेखी काही नव्हतं. अडाणी जंगल होतं ना.

एक दिवस लांबोट्याच्या हातून अख्खं कवठ सुटलं आणि ठिपकीच्या पुढच्या पायावर बसलं.

"मेले! लांबोट्या, मुडद्या, तुझे हात मोडले!"

"अगं बाई, लागलं का गं? थांब, आलोच. पाला चोळतो."

त्या जंगलात तशी पद्धतच होती. ज्याच्या हातून लागलं त्यानं पाला चोळायचा. ज्याला लागलं त्यानं चोळून होईपर्यंत शिव्या घालायच्या. मग विषय संपला.

पण त्या दिवशी आवाज ऐकून बिळातून घोरपड बाहेर आली. घोरपड वकील होती. एकदा धरलं की सोडायची नाही, त्यामुळे तिचं बरं चाललं होतं.

"शिव्या बंद!" ती म्हणाली. "फुकट शिव्या घालून केस हलकी करतेस होय? दुखतंय का?"

"दुखतंय. पण चोळलं की थांबेल, बाई."

"म्हणूनच चोळायचं नाही. पाय बरा झाला तर कोर्टात दाखवशील काय?"

ठिपकीनं पायाकडे बघितलं. आपल्या पायाला इतकी किंमत आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं.

इकडे लांबोटे अर्ध्या खोडापर्यंत उतरला होता. तिथे त्याला खालून साळिंदरानं अडवलं. तोही वकील. जवळ गेलं की टोचायचा.

"'लागलं का गं' असं विचारलंस ना?" साळिंदर म्हणाला. "म्हणजे गुन्हा कबूल केलास."

"अहो, मी सहज विचारलं!"

"सहज विचारणारेच आत जातात. आजपासून समोरच्या पार्टीशी एक शब्द बोलायचा नाही. जे कळवायचं ते माझ्यामार्फत. आणि खाली काही टाकायचं नाही."

लांबोटे परत वर गेला.

केस न्यायाधीश गव्यापुढे आली. तो सगळं शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मग त्याचा रवंथ करत बसायचा. त्यामुळे निकालाला वेळ लागायचा.

दरम्यान ठिपकीचा पाय बरा झाला. पायाला कायदा कुठे कळतो!

"लंगड," घोरपड म्हणाली.

"पण आता नाही दुखत हो, बाई."

"तुला विचारलं का? तू लंगड."

ठिपकी लंगडू लागली. लांबोटे अख्खी कवठं संपवू लागला आणि पोट धरून फांदीवर पडून राहू लागला. दोघंही एकमेकांकडे बघायची नाहीत. म्हणजे बघायची, पण एकाच वेळी नाही.

आणि एका दुपारी बिबट्या आला.

लांबोट्याला तो वरून स्वच्छ दिसला. करवंदीच्या जाळीत, पोट जमिनीला टेकवून बसलेला. पुढे ठिपकी पाठमोरी चरत होती. लांबोट्यानं ओरडायला तोंड उघडलं. मग मिटलं. मग दुसऱ्या बाजूनं झरझर उतरून तो साळिंदराकडे धावला.

"साहेब, बिबट्या! ओरडू का?"

"मुळीच नाही. ओरडलास तर तिला सांभाळणं तुझंच काम होतं असं ठरेल. मी लेखी कळवतो."

"अहो, तो दबा धरून बसलाय!"

"मग तातडीनं कळवतो."

साळिंदरानं पाठीचा एक काटा उपसला आणि पळसाच्या पानावर नोटीस लिहिली. पान घोरपडीकडे गेलं. त्यावर लिहिलं होतं, "आपल्या अशिलाच्या मागे एक कथित बिबट्या असण्याची शक्यता आहे. हे कळवल्यामुळे आमच्या अशिलावर कसलीही जबाबदारी येत नाही."

घोरपड 'कथित'पाशी अडली. "कथित म्हणजे नेमकं काय, ते स्पष्ट करावं," असं उत्तर ती लिहायला लागली.

तेवढ्यात बिबट्यानं ते स्पष्ट केलं.

ठिपकी पळाली. पण पहिल्या दोन उड्या तिनं सवयीनं लंगडत मारल्या. तेवढ्यात तिचा एक कान गेला. मग मात्र ती केस विसरली, चारही पायांनी सुटली आणि जीव वाचवून झाडाखाली परत आली.

घोरपडीला आनंद मावेना. "पायाची केस किरकोळ होती गं. ही कानाची बघ! आता लांबोट्याला सोडत नाही."

"लांबोट्याला? अहो बाई, कान बिबट्यानं खाल्ला!"

"पण लांबोट्याला तो दिसला होता. दिसूनही ओरडला नाही."

"आणि बिबट्याचं काय?"

"त्याच्याकडे नोटीस घेऊन कोण जाणार? तू जातेस?"

झाडावर लांबोटे ठिपकीच्या उरलेल्या कानाकडे बघत होता. हातात पाला होता. त्यानं हळूच खाली बसलेल्या साळिंदराला विचारलं, "आता तरी खाली जाऊ?"

"अर्ज करू," साळिंदर म्हणाला.

तात्पर्य: बाळांनो, जो एरवी बिबट्या आल्याचं ओरडून सांगतो, केस नेहमी त्याच्यावर करावी. तो शेजारीच राहतो, त्याचा पत्ता माहीत असतो आणि तो चावत नाही.

लिहून झाल्यावर हे तात्पर्य माझं मलाच पटेना. म्हणून मी जंगलात जाऊन बिबट्यालाच गाठलं. अर्थात लांबून. तो कवठाच्या सावलीत ऐसपैस पसरला होता.

"काय रे," मी ओरडून विचारलं, "कान तू खाल्लास आणि कोर्टात भांडतायत ती दोघं. तुला काहीच वाटत नाही?"

त्यानं जांभई दिली.

"ताई, मी या केसमध्ये पार्टी नाही."