आधी आकृती काढ!

मोघे सरांना दुकानाचा रस्ता विचारला तरी ते तोंडाने सांगत नाहीत, आकृती काढतात. माझ्या पिठाच्या परातीत बोटाने त्यांनी एकदा इथलं, हॉलंडमधल्या हूफडॉर्पचं अख्खं बसस्टँड काढलं होतं. पुण्यात तेहतीस वर्षं भूमिती शिकवली, आता मुलाकडे आलेत, आमच्या शेजारी. मी नववीत शाळा सोडली ती भूमितीला भिऊनच. आणि नशीब बघा, इथे भेटले तर भूमितीचे सर! पण परक्या मुलखात हक्काने दार वाजवावं असं ते एकच घर. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

मला सातवा महिना लागला. इथे डॉक्टरांऐवजी सुईणच तपासते; त्या सुईणबाई म्हणाल्या, सगळं छान. पण त्यांचं इंग्रजी मला अर्धंच कळलं आणि उरलेल्या अर्ध्याची धास्ती बसली. बाळाचा चेहरा बघितल्याशिवाय चैन पडेना. त्यात पोटातल्या बाळाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओचा कागद हाती आला: टू-डी, थ्री-डी, फोर-डी, एचडी. मला वाटलं, जितके डी जास्त तितकं बाळ सुखरूप.

"सर, किती डीचं घेऊ?"

"आधी आकृती काढ!" सरांनी परात ओढली. पिठात चेहरा रेखला. "हे टू-डी. चपटं, काळं-पांढरं." कणकेचा गोळा ठेवला. "थ्री-डी. नाक, गाल उठून दिसतात." गोळा गरगर फिरवला. "फोर-डी! तेच, पण हलणारं. जांभई दिली तर जांभई दिसेल."

"आणि एचडी?"

गोळ्याला तेलाचा हात लावला. "जरा उजेड, जरा तकाकी. बाळ तेच."

"मग बाळ बरं आहे हे कशात कळतं?"

"एकातही नाही. ते सुईणबाईंनी बघितलंय. ही नुसती आठवण."

मी आणखीच गोंधळले आणि फोर-डी ठरवलं.

ह्यांना हॉटेलच्या भटारखान्यातून सुट्टी मिळेना, म्हणून सरच सोबत आले. स्टुडिओतल्या बाईंनी हसत विचारलं, मुलगा की मुलगी, सांगू का? सर ताडकन उठले. "नो मॅडम! क्राइम! जेल!" मीही घाबरून दाराकडे बघितलं. इथे तो गुन्हा नाही, असं बाईंनी तीनदा सांगितलं. सरांनी तिन्ही वेळा कानांवर हात ठेवले.

बाळाने मात्र तोंडावर हात धरलेले. मी कूस बदलली, पाणी प्यायले, चालून आले. फोर-डीत दिसली ती फक्त मूठ. शेवटी बाईंनी एक साधा टू-डी फोटो दिला. त्यात कपाळ आणि नाकाचा शेंडा.

बसमध्ये मला रडूच आलं. सरांनी खिशातून वही काढली. एका पानावर तसंच कपाळ, तसंच नाक, खाली ओठ आणि हनुवटी.

"नातवाचं. पोटात होता तेव्हा मुलगा इथून फोनवर असाच फोटो दाखवत होता, नाकापर्यंत आला आणि फोन अडकला. उरलेलं मी काढलं. म्हटलं, गेल्यावर ताडून बघू."

"मग? जुळलं?"

"आठ वर्षांचा झालाय. मी हाक मारली की डचमध्ये काहीतरी म्हणतो आणि वरच्या खोलीत पळतो. समोर बसला तर ताडणार ना!"

मनात होतं तेच तोंडातून गेलं. "सर, बाळ बरं असेल ना हो?"

वाटलं, आता आकृती. पण सरांनी वही मिटली.

"आहे. चांगलं आहे," ते म्हणाले. "आणि त्याच्याशी आत्तापासूनच मराठीत बोलत जा. मी शेजारीच आहे."