परत चुना लावलास!

कुंदाताई मयेकरांच्या पर्समध्ये घराच्या रंगाचं शेडकार्ड असतं. दुकानदार देतात ना, पट्ट्यापट्ट्यांचं, तेच. आता तुम्ही म्हणाल, बाई घर रंगवायला काढत असतील. छे! घराला गेल्या बारा वर्षांत ब्रश लागलेला नाही. ते शेडकार्ड माणसांसाठी आहे.

सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल बाई वेडी आहे. थोडी आहेच, पण तुम्हाला वाटते तशी नाही.

माळनाक्याला कुंदाताईंचा मुलींसाठी कॉम्प्युटर क्लास आहे. मी शेजारी राहतो. आयरे मास्तर, मराठीचा, रिटायर्ड. क्लासमधली मुलगी नोकरीला लागली की दारावर अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो. मजकूर माझा, छपाई नाक्यावरच्या प्रशांतची आणि रंगावर देखरेख कुंदाताईंची. रंग म्हणजे मुलीच्या चेहऱ्याचा. कारण प्रशांतचा हात उदार. फोटो आला की तो मुलीला उजळ करून टाकतो, न मागता. मिरकरवाड्याच्या बंदरावर उन्हात वाढलेली पोर फ्लेक्सवर अशी येते की तिची आईच विचारते, "ही कोणाची?"

मग कुंदाताई शेडकार्ड घेऊन दुकानात. मुलीच्या गालाला लावून पट्टी आधीच ठरवलेली असते, तीच फ्लेक्सवर धरायची.

"मेल्या, परत चुना लावलास!"

"ताई, जरा टच-अप केलं. बरं दिसतं."

"बरी ती आहेच. तू कोण तिला बरी करणारा? डॉक्टर?"

मी मध्ये म्हणायचो, "अहो, 'हार्दिक'ची वेलांटी चुकलीय, ती पण बघा की." माझ्याकडे कोणी बघायचं नाही. शुद्धलेखनाला या गावात वाली नाही.

बाईंचा दुसरा हट्ट कॅमेऱ्याचा. हल्ली नोकरीच्या मुलाखती कॉम्प्युटरवरच होतात. मुली क्लासमध्ये बसून देतात आणि बाई मागून ओरडतात, "कॅमेरा उघड गो! थोबाड काय भाड्याने आणलंयस?"

साक्षी शिवलकर मात्र ऐकत नसे. क्लासमधली सगळ्यात हुशार पोर. वडील ट्रॉलरवर. प्रोग्रॅम असा लिहायची की बाई स्वतः तिच्याकडून शिकायच्या. पण मुलाखत आली की कपाळाची टिकली काढून लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटवायची. कोणीतरी पाहुणे तिला बघायला आले होते आणि म्हणाले होते, "पोरगी हुशार आहे, पण..." आपल्याकडे त्या 'पण'च्या पुढे बोलायची गरज नसते.

टिकलीमुळे दोन नोकऱ्या गेल्या. समोरच्यांना वाटलं, उत्तरं दुसरंच कोणी देतंय. आता तिसरी मुलाखत शुक्रवारी होती. तीही गेली तर सोमवारपासून कोळंबी सोलायच्या शेडमध्ये जायचं, असं तिच्या मावशीने ठरवून टाकलं होतं. शेडमधल्या कामात वाईट काही नाही, साक्षीची आईही तेच करते. पण तिच्या आईलाच ते नको होतं. कुंदाताईंचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. आमच्याकडे आमटीची वाटी मागायला यायच्या आणि वाटी विसरून जायच्या.

अशात त्यांना वांजिरू मॅडम सापडल्या. मासळी बाजारात!

ग्रेस वांजिरू मूळच्या नैरोबीच्या. जयगडच्या बंदरात क्रेन चालवणारी कॉम्प्युटर यंत्रणा बसवायला चार महिने आल्या होत्या. उंच बाई, डोक्यावर बारीक वेण्या, हातात सुरमईची पिशवी, आणि भोवती मोबाइल धरून फोटो काढणारी वीस माणसं. कुंदाताई छत्री घेऊन घुसल्या. "काय रे, माणूस बघितला नाही कधी? व्हा बाजूला!" मग त्यांनी मॅडमच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात धरून वाचलं.

"यू सॉफ्टवेअर?"

"येस."

"कम."

एवढ्या बोलण्यावर ती बाई क्लासच्या मुलींसाठी गुरुवारी ठेवलेल्या कार्यक्रमाची प्रमुख पाहुणी झाली.

फ्लेक्स आला. प्रशांतने मॅडमना गव्हाळ केलं होतं. नैरोबीच्या इंजिनिअर देवरुखच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका दिसत होत्या. शिवाय 'प्रमूख' दीर्घ.

"अरे, चुना तरी किती लावावा माणसाने! आख्खी भट्टी ओतलीस!"

"ताई, पाहुण्या आहेत. पाहुण्यांचा मान म्हणून जरा जास्त उजळ केलं." बिचारा खरंच मनापासून बोलत होता.

दुसऱ्या खेपेला त्याने घाबरून टच-अप काढलं. तर चेहराच काळोखात गेला, नुसते कानातले उरले. शेवटी मॅडम स्वतः दुकानात आल्या, प्रशांतला उठवून त्याच्या खुर्चीत बसल्या. दोन मिनिटं इकडचं तिकडे केलं आणि पडद्यावर त्यांचा चेहरा उमटला. सगळा, डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्यांसकट. प्रशांत म्हणाला, "आयला! म्हणजे रंग काळा असला तरी फोटो येतो!" कुंदाताईंनी छत्री उगारली, पण मॅडमना कोणीतरी भाषांतर करून सांगितलं आणि त्या इतक्या हसल्या की छत्री खाली आली.

कार्यक्रमात मॅडम इंग्रजीत बोलल्या. कुंदाताई मराठी करत होत्या. मॅडमची दोन वाक्यं झाली की यांची दहा. मॅडम म्हणाल्या, "पहिली नोकरी गोऱ्यांच्या देशात. तिथे दाराशी चेहरा ओळखणारं यंत्र होतं. बाकी सगळ्यांना आत सोडायचं. मी उभी राहिले की म्हणायचं, समोर कोणी नाही. मी रोज कोणाच्या तरी मागून आत जायचे. मग कळलं, यंत्राला शिकवायला जे फोटो दिले होते, त्यांत माझ्यासारखी माणसंच नव्हती. माझ्या चेहऱ्यात काही चूक नव्हती, शिकवणी कच्ची होती. ती मी पुरी केली."

कुंदाताई गरजल्या, "ऐकलंत? ते यंत्र पण आपल्या प्रशांतच्याच शाळेत जात होतं!" मागच्या रांगेत प्रशांत पाणी पिता पिता ठसकला.

मग साक्षीने हळूच हात वर केला. "मॅडम, तुम्ही कधी कॅमेरा बंद ठेवलात?"

मॅडम म्हणाल्या, "दोन वर्षं. आमच्या गटात ग्रेस नावाची कोणी आहे हेच साहेबाला माहीत नव्हतं. माझ्या कामाचं कौतुक व्हायचं, पण शेजारच्या माणसाचं." या खेपेला कुंदाताईंनी भाषांतर केलं ते दोनच वाक्यांत. पदर काहीतरी पुसल्यासारखा तोंडाशी नेला. मला वाटलं, उकाडा.

शुक्रवारी अकराला मुलाखत. मी दारातल्या बाकावर बसलो, कुंदाताई टेबलाच्या कडेला स्टुलावर. साक्षीने टिकली कपाळावरच ठेवली. कॅमेरा उघडला. आवाज आधी बारीक होता, मग चढला. समोर पडद्यावर तिघं होती. पाऊण तास ती बोलत होती आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण विद्यार्थ्याला येतंय की नाही हे मास्तरला पाठीवरूनही कळतं. येत होतं.

शेवटी पडद्यावरच्या बाईंनी विचारलं, "तुला हे सगळं शिकवलं कोणी?"

"माझ्या बाईंनी. इथेच आहेत!" म्हणत साक्षीने लॅपटॉप वळवला.

स्टूल रिकामं! मला वाटलं, चक्कर येऊन पडल्या. धावलो. तर कुंदाताई टेबलाखाली. गुडघे पोटाशी, पदर डोक्यावरून ओढलेला, आणि हाताने खुणा, "फिरव गो तिकडे, फिरव!"

"अहो, हे काय?" मी खाली वाकून कुजबुजलो.

"मी नको मास्तर. मी कुठे त्यात." मग एकदम म्हणाल्या, "तरुण होते तेव्हा आमच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला. चालवता येणारी मी एकटी. पेपरवाले फोटो काढायला आले, तर साहेब म्हणाले, मयेकर, तुम्ही जरा आत थांबा. माझ्या खुर्चीत दुसरीला बसवली. गोरी होती. मी थांबले आत."

क्लासच्या भिंतीवर वीस-बावीस मुलींचे फोटो आहेत. बाईंचा एक नाही. मी रोज चहाला तिथे बसणारा माणूस, दुसऱ्यांच्या वेलांट्या मोजणारा, मला हे कधी दिसलं नव्हतं. खरं सांगतो, लाज वाटली.

साक्षीने ते ऐकलं असावं. तिने लॅपटॉप परत आपल्या खुर्चीकडे फिरवला, खाली उतरली आणि सरळ फरशीवर येऊन बसली. "बाई, वर चला. नाहीतर मी पण इथेच बसते."

"अगो, मुलाखत चाललीय! ते काय रिकामी खुर्ची बघतायत?"

"बघू देत."

"अगो, नोकरी जाईल!" कुंदाताई घाबऱ्याघुबऱ्या उठल्या, टेबल डोक्याला लागलं, अंबाडा सुटला, आणि तशाच त्या साक्षीच्या खुर्चीत येऊन बसल्या.

नोकरीचं पत्र चौथ्या दिवशी आलं, ते सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या वेळी पत्राबित्राचं कोणाच्या मनात नव्हतं. पडद्यावरची तिघं नमस्कार करत होती आणि बाईंचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती. तिच्यात विस्कटलेल्या पांढऱ्या केसांची एक काळीसावळी बाई होती, आणि कुंदाताई तिच्याकडे एकटक बघत होत्या. त्यांनी एक हात वर करून केसांची बट कानामागे सारली. चौकटीतल्या बाईनेही सारली.

"बरी दिसत्ये की गो मी," त्या साक्षीला म्हणाल्या. माईक चालू होता.