गिऱ्हाइकाची मनाई

"वेबसाइट चालवायला काय अक्कल लागते? मेंढ्या राखण्यापेक्षा सोपं!" किर्गिझस्तानातल्या कोचकोरच्या बाजारात एमिलबेक छाती ठोकून सांगायचा. सोंग-कोल तळ्याकाठी त्याचे आणि बायकोचे, बुरुलचे, पाहुण्यांसाठी तंबू होते. सगळे पाहुणे वेबसाइटवरूनच यायचे.

आणि नेमकी उन्हाळ्यासाठी तळ्याकाठच्या कुरणावर निघायच्या तोंडावर वेबसाइट बंद! एमिलबेकने वेबसाइटच्या नावाच्या, म्हणजे डोमेनच्या, नोंदणीची स्थिती उघडली. इंग्रजी ओळी फोनकडून भाषांतर करून घेतल्या. 'गिऱ्हाईक: हलवायला मनाई. गिऱ्हाईक: खोडायला मनाई. गिऱ्हाईक: रोखून धरलं.'

"बुरुल! कुण्या गिऱ्हाइकाने आपलं नाव धरून ठेवलंय!"

"नाव म्हणजे काय मेंढी आहे?"

"तो गेल्या वर्षीचा पाहुणा, अल्माटीचा दाउलेतच असणार! मटणाच्या बेशबार्माकमध्ये शेवया रुंदच हव्यात म्हणाला, तेव्हा तू काय बोललीस?"

"म्हटलं, मग आईकडे जाऊन जेवा! चुकलं काय?"

"तुझ्या जिभेपायी धंदा बुडाला!"

बुरुल तडक अंगणात गेली आणि काठीने लोकरीचा नमदा झोडपू लागली. फटके असे, की शेजारचा कुत्रा आपलाच नंबर लागला समजून पळाला!

एमिलबेकने दाउलेतला फोन लावला. "दाउलेतभाई, माफ करा. बायको रागाच्या भरात बोलली. हव्या तेवढ्या रुंद शेवया करू, पण आमचं नाव सोडा!"

"कसलं नाव? अहो, मीच माफी मागणार होतो. आईला सांगितलं, तर तिने मलाच झापलं. परक्याच्या घरी अन्नाला नावं ठेवतात का म्हणाली! परवा बुकिंग करायला गेलो, तर वेबसाइट बंद. वाटलं, वहिनींनी माझ्यासाठीच दार लावलं!"

एमिलबेक खजील झाला. मग त्याने नाव नोंदवणाऱ्या कंपनीत, बिश्केकला, फोन केला. तिथली बाई हसायलाच लागली.

"दादा, इथे गिऱ्हाईक म्हणजे आम्ही! सगळी नावं ज्या मुख्य नोंदणीत असतात, तिचे गिऱ्हाईक. त्या दोन मनाया तुमच्याच भल्याच्या. कुणी नाव पळवू नये म्हणून घातलेली कुलपं. अडलंय ते तिसऱ्या ओळीपाशी. तुमचा ईमेलचा पत्ता खरा आहे का, हे तपासायला ईमेल पाठवली होती. तुम्ही उत्तरच दिलं नाही, म्हणून नाव थांबवलं."

"कुठे पाठवली?"

"तुम्हीच दिलेल्या पत्त्यावर."

तो पत्ता होता त्याने केव्हाच सोडलेल्या नोकरीतला! नवा पत्ता दिला, आलेल्या ईमेलला होकार कळवला, आणि संध्याकाळी वेबसाइट जागी झाली.

अंगणात काठी चालूच होती. एमिलबेकने जाऊन सगळं सांगितलं.

"दाउलेतची माफी मागितलीत?" बुरुलने मान वर न करता विचारलं.

"मागितली."

"बरं झालं."

ती पुन्हा झोडपू लागली. कुण्या परक्याची माफी आपण एका दमात मागितली आणि इथे जीभ उचलत नाही, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याने दुसरी काठी घेतली, समोर उभा राहिला आणि एक जोरदार फटका साधून त्या फटक्याच्या आवाजातच पुटपुटला, "चुकलो."

बुरुलने काठी खाली ठेवली.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

आता अंगणात चिडीचूप शांतता, आणि कुंपणापलीकडे कान टवकारलेली शेजारीण! पुन्हा म्हणावंच लागलं.